‘शाप की वरदान’च्या पुढे



‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत लिहिला असेल. थोडे शाप, थोडं वरदान आणि शेवटी ‘सारं वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’. गुणही बरे मिळायचे. आता इथे अमेरिकेत आपलं मूल आर्ग्युमेंटेटिव्ह एसे घेऊन बसतं, आपण मदतीला जातो आणि नेमका तोच शेवट सुचवतो. तिथेच गाडी अडते, कारण या निबंधात एक बाजू घ्यावीच लागते. ती बाजू सांगणारं वाक्य म्हणजे क्लेम, आपल्या भाषेत दावा.

बऱ्याच राज्यांनी २०१० पासून स्वीकारलेल्या कॉमन कोअरमध्ये मुलं पाचवीपर्यंत ‘मत’ लिहितात आणि सहावीपासून ‘दावा’ मांडतात. सातवीपासून विरोधी बाजूचीही दखल घ्यावी लागते.

मग मत आणि दावा यांत फरक काय? ‘मला सकाळी लवकर उठायला आवडत नाही’ ही आवड झाली, तिच्याशी कोण भांडणार? ‘झोप तब्येतीला चांगली’ हे सगळ्यांनाच मान्य. दावा असा हवा की एखाद्या शहाण्या माणसाला ‘मला नाही पटत’ म्हणता आलं पाहिजे.

एक दावा घडवून बघू. ‘शाळा उशिरा सुरू व्हावी.’ कोणती शाळा? किती उशिरा? मोघम आहे. ‘आपल्या गावातलं हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू होऊ नये.’ आता नेमकं झालं. पुढे कारण जोडा : ‘कारण किशोरवयात झोपेची वेळच पुढे सरकते, नुसतं लवकर झोप म्हणून भागत नाही.’ हा झाला दावा.

त्याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये हीच साडेआठची शिफारस केली. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला आणि जुलै २०२२ पासून तिथल्या बहुतेक हायस्कूलांना तो लागू झाला. पण फ्लोरिडाने २०२३ मध्ये केलेला तसाच कायदा अंमलात येण्याआधीच, २०२५ मध्ये, सैल केला. अडचणी खऱ्या होत्या. त्याच बस आधी मोठ्या मुलांना सोडतात, मग लहानांना. वेळ बदलली की बस, ड्रायव्हर, खर्च, संध्याकाळचे खेळ, सगळंच हलतं. मुलाने हे निबंधात लिहायलाच हवं. आपल्याकडे शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचे, मग त्याला उत्तर द्यायचे. तीच ही रीत.

ठाम म्हणजे मोठ्या आवाजातलं नव्हे. ‘सगळ्या शाळा’, ‘नेहमीच’ असे शब्द आले की एका अपवादाने दावा कोसळतो. ‘बहुतेक’ लिहिलं तर तो टिकतो.

मी आयटी सल्लागार आहे. तीस स्लाइड दाखवल्या तरी क्लायंट शेवटी एकच विचारतो, ‘मग आम्ही करायचं काय?’ त्याचं उत्तर एका वाक्यात देता यायला हवं, आणि ते त्याला न आवडणारं असलं तरी देता यायला हवं. ही सवय नोकरीत येऊन लागत नाही, घरात लागते. म्हणून मुलाचा दावा आपल्या पसंतीचा करून देऊ नका. तीनच प्रश्न विचारा : याच्या उलट कोण म्हणेल? तू कशावरून म्हणतोस? आणि त्यांचं कुठे बरोबर आहे?

उद्या तुमची मुलगी म्हणेल, ‘आईबाबांनी माझा फोन तपासू नये.’ ‘उलट उत्तर देऊ नकोस’ हे शब्द ओठांवर येतील. ते गिळा आणि हेच तीन प्रश्न तिला विचारा. फोनचा निर्णय शेवटी तुमचाच. पण तिचं म्हणणं पूर्ण ऐकलंत, तर पुढच्या वेळीही ती तुमच्याशीच बोलायला येईल.