महाधिवक्ता : सरकारचा की राज्याचा?

(सातारा व सांगली येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



न्यायनिष्ठेचा विषय निघाला की कृष्णाकाठच्या माणसाला रामशास्त्री प्रभुण्यांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. साताऱ्याजवळच्या माहुलीचे हे सुपुत्र पेशवाईत न्यायाधीशपदी पोहोचले. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तेव्हा त्यांनी राघोबादादांना दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. त्यांची नेमणूक पेशव्यांच्याच दरबारची होती; कोणत्याही सभेने त्यांची परीक्षा घेतली नव्हती. मग माणूस खरा असला की पद्धतीची चिंता कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. प्रत्येक पिढीत रामशास्त्री जन्माला येतीलच, या भरवशावर राज्य चालविता येत नाही.

आजच्या व्यवस्थेत राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी म्हणजे महाधिवक्ता. राज्यघटनेच्या १६५व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल त्याची नेमणूक करतात आणि राज्यपालांची मर्जी असेतोवर तो पदावर राहतो. व्यवहारात ही निवड मंत्रिमंडळाची असते. दुसरीकडे १७७व्या अनुच्छेदाने त्याला विधिमंडळात बोलण्याचा अधिकार दिला आहे, मतदानाचा मात्र नाही. म्हणजे ज्या सभागृहात तो बोलू शकतो, त्या सभागृहाला त्याच्या नेमणुकीपूर्वी एकही प्रश्न विचारता येत नाही!

या उणिवेची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. ॲड. श्रीहरी अणे २०१५ मध्ये महाधिवक्ता झाले. ते स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते आहेत, हे त्यापूर्वीच सर्वश्रुत होते. मार्च २०१६ मध्ये जालन्यात त्यांनी मराठवाड्याच्याही वेगळ्या राज्याविषयी मत मांडले. विधिमंडळात गदारोळ झाला आणि २२ मार्चला त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे मत योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. पण राज्याच्या विभाजनाविषयीचे मत आणि पदाचे कर्तव्य यांचा मेळ कसा घालणार, हा प्रश्न नेमणुकीपूर्वी शांतपणे विचारता आला असता. तो नंतर, गोंधळात विचारला गेला.

अमेरिकेत ॲटर्नी जनरलची निवड राष्ट्राध्यक्ष करतात. पण सिनेटच्या संमतीवाचून ती पक्की होत नाही. १९२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी चार्ल्स वॉरन यांचे नाव सुचविले. वॉरन यांचे साखर उद्योगातील मक्तेदार कंपन्यांशी निकटचे संबंध होते. मक्तेदारीविरोधी कायदा हा गृहस्थ कसा राबविणार, असा आक्षेप निघाला आणि सिनेटने त्यांना एकदा नव्हे, दोनदा नाकारले. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातील श्रोत्यांना या आक्षेपाचे मर्म वेगळे समजावून सांगायला नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅट गेट्झ यांनी तर सुनावणीपूर्वीच माघार घेतली. परीक्षा होणार आहे, एवढी जाणीवही पुष्कळ काम करते.

ही पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे मात्र नव्हे. तेथील ॲटर्नी जनरल मंत्रिमंडळाचा सदस्य असतो. आपला महाधिवक्ता सरकारचा वकील व सल्लागार असतो. सरकारला विश्वासातला वकील निवडता आलाच पाहिजे. शिवाय मतदान ठेवले तर पक्षादेश निघणार आणि बहुमत निवडीवर शिक्का मारणार. म्हणून मतदान नको, सुनावणी हवी. विधिमंडळाच्या सर्वपक्षीय समितीने हितसंबंध, पूर्वीची वकिली आणि जाहीर भूमिका यांविषयी उघडपणे विचारावे, अहवाल सभागृहापुढे ठेवावा. अंतिम निवड सरकारने करावी. एवढ्यासाठी घटनादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. चांगला संकेतही पुरेसा आहे.

सत्तेने आपणहून मर्यादा स्वीकारणे या भूमीला नवे नाही. आज ज्याची अनेक गावे सातारा व सांगली जिल्ह्यांत आहेत, त्या औंध संस्थानात १९३९ साली राजाने राज्यकारभार लोकप्रतिनिधींच्या हाती सोपविला. एका राजाला जे जमले, ते निवडून आलेल्या सरकारला अवघड का वाटावे?

कृष्णेच्या पाण्याचा तंटा असो वा २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा असो, अशा विषयांत सरकारला मिळणाऱ्या कायदेशीर सल्ल्यावर लक्षावधी कुटुंबांचे भवितव्य अवलंबून असते. सरकारे येतात आणि जातात; राज्य राहते. आमदार दारी आले की रस्त्याविषयी आणि पाण्याविषयी अवश्य विचारावे. त्यासोबत हेही विचारावे : राज्याचा वकील निवडताना तुम्ही कोणता प्रश्न विचारलात?