धानाचे पान आणि पांढऱ्याचा तोल



रोवणी आटोपून महिना-सव्वा महिना झाला की आपल्या गोंदिया जिल्ह्यात, तुम्ही आमगावकडे जा की अर्जुनी मोरगावकडे, नजर पोचेल तिथवर हिरवेच हिरवे दिसते. नेमक्या याच दिवसांत शेतकऱ्याच्या मनात एक शंका येत-जात असते : बांधीतला धान पिवळा तर पडत नाही ना? पूर्वी अशा वेळी पाच-दहा पाने उपटून, रुमालात गुंडाळून जाणत्याकडे न्यावी लागत. आता खिशात मोबाईल असतो आणि मोबाईलमध्ये कॅमेरा. धुऱ्यावर उभे राहून फोटो काढला, कृषी सहायकाला पाठवला, की संध्याकाळपर्यंत उत्तर येते. पुष्कळदा हे काम शाळेतल्या गुरुजींच्या वाट्याला येते. "गुरुजी, एवढा एक फोटो काढून द्या जी," म्हणून शेतकरी फाटकाशी उभा राहतो. सोय मोठीच आहे. पण तिच्यात एक मेख आहे, आणि आज तिच्याचविषयी बोलावयाचे आहे. फोटोत पान ज्या रंगाचे दिसते, त्याच रंगाचे ते बांधीत असेल असे नाही.

रंग थोडा इकडेतिकडे झाला तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. लग्नाच्या फोटोत फारसे बिघडत नाही. धानाच्या पानात मात्र सगळी भाषाच रंगाची असते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडू लागली तर नत्र कमी पडले असा संशय येतो. कोवळी, वरची पाने आधी फिकी पडली तर गंधकाकडे बोट जाते. पानावर तांबूस-तपकिरी, गंजासारखे ठिपके आले तर जस्ताची उणीव असू शकते. टोकाकडून कडेकडेने नागमोडी पिवळा पट्टा उतरत आला तर तो कडाकरपा. आता समजा, फोटोतच पिवळेपणा जास्त उतरला. पाहणारा दूर बसलेला; तो म्हणणार, नत्र कमी आहे, युरिया टाका. गरज नसता युरिया पडला की धान गच्च माजतो, त्यात तुडतुडे वाढतात, आणि करपा असेल तर तो आणखी जोर धरतो. पैसा गेला तो वेगळाच. उलट फोटो निळसर आला तर खरा पिवळेपणा झाकला जातो आणि आठ-दहा दिवस फुकट जातात. म्हणून कॅमेऱ्यातल्या ज्या बारक्या सोयीकडे कोणी सहसा पाहत नाही, तिची गाठ थेट खताच्या पोत्याशी आहे. तिला व्हाइट बॅलन्स म्हणतात. आपण तिला पांढऱ्याचा तोल म्हणू.

हा तोल कशाचा, हे समजण्यासाठी एक साधा अनुभव घ्या. दिवेलागणीला अंगणात उभे राहून, आत जुना काचेचा बल्ब जळत असलेल्या घराच्या खिडकीकडे पाहा. खिडकी पिवळीधमक दिसते. मग आत जाऊन बसा. चार-पाच मिनिटांत तो पिवळेपणा कुठल्या कुठे जातो. भिंत पांढरी, धोतर पांढरे, ताटातला भातही पांढरा. उजेड बदललेला नसतो. आपले डोळे आणि मेंदू मिळून त्यातला पिवळा भाग मनातल्या मनात वजा करून टाकतात, आणि हे काम इतके गुपचूप चालते की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कॅमेऱ्याला असले काही उपजत येत नाही. त्याच्यावर जसा उजेड पडतो तसा तो नोंदवतो. धोतर पांढरे आहे हे त्याला कोणी तरी सांगावे लागते.

आणि उजेड तरी एक कुठे असतो? लोहाराच्या भट्टीत लोखंड तापते तेव्हा ते आधी लाल, मग पिवळे, मग पांढरेशुभ्र होते. त्याहून कितीतरी जास्त तापणारी वस्तू निळसर प्रकाश देते. याच कल्पनेवरून उजेडाच्या रंगाला आकडा देतात. लॉर्ड केल्व्हिन या शास्त्रज्ञाच्या नावावरून त्या मापाला केल्व्हिन म्हणतात. मेणबत्तीचा उजेड सुमारे १९०० केल्व्हिन, जुन्या बल्बचा २८०० च्या आसपास, भर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५००, ढगाळ दिवसाचा ६५०० च्या घरात, आणि निरभ्र दिवशी सावलीतला ७००० ते ८०००. सावली निळसर का? तिथे ऊन पोचत नाही, फक्त निळ्या आभाळाचा उजेड पोचतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही. कॅमेऱ्याला लगेच जाणवते.

फिल्मच्या काळात फोटोग्राफर याची व्यवस्था आधीच करून ठेवीत. रंगीत फिल्म दोन जातींची मिळे, एक दिवसाच्या उजेडाची आणि एक दिव्याच्या उजेडाची. दिवसाची फिल्म घालून दिव्याखाली फोटो घ्यायचा असेल तर भिंगापुढे निळी काच लावावी लागे. तसे न केले तर साऱ्या वऱ्हाडाला कावीळ झाल्यासारखे फोटो येत. डिजिटल कॅमेऱ्यात काच लावावी लागत नाही, कारण सारे आकड्यांत चालते. १९७६ साली कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांच्या नावे एका जाळीचे पेटंट निघाले. बहुतेक कॅमेऱ्यांत आजही त्याच धर्तीची जाळी असते. तिच्यातले निम्मे घर हिरव्या रंगाचे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक घर आपापला रंग मोजते. मग कॅमेरा लाल आणि निळ्याचे आकडे कमी-जास्त करून पांढऱ्याला पांढरे करतो.

ही गोष्ट हुबेहूब तागडीसारखी आहे. बाजारात जुनी तागडी एका बाजूला झुकत असेल तर दुकानदार दुसऱ्या पारड्यात पासंग टाकतो. बल्बच्या उजेडात पिवळे पारडे जड असते, म्हणून कॅमेरा निळ्याचा पासंग टाकतो. सावलीत निळे पारडे जड, म्हणून पिवळ्याचा पासंग. हे ध्यानात राहिले म्हणजे एक कोडेही सुटते. कॅमेऱ्यावर केल्व्हिनचा आकडा हाताने वाढवीत गेले तर चित्र निळे न होता पिवळे होत जाते, आणि नवशिक्या माणूस गोंधळतो. तो आकडा चित्राचा नसून उजेडाचा आहे. "उजेड फार निळा आहे" असे तुम्ही कॅमेऱ्याला सांगितले. त्याने बिचाऱ्याने पिवळा पासंग टाकला.

आता धानाची अडचण पाहा. बहुतेक कॅमेरे आणि सगळे मोबाईल आपण स्वयंचलित खुणेवर ठेवतो. तेव्हा पासंग किती टाकायचा हे कॅमेरा अंदाजाने ठरवतो. मूळ अंदाज असा, की कोणत्याही चित्रातले सगळे रंग एकत्र कालवले तर साधारण राखी रंग यावा. गावच्या बाजाराचा फोटो असेल, शाळेच्या पटांगणाचा असेल, तर हा हिशेब बरा जमतो. पण भरलेल्या बांधीचा फोटो घेतला तर चौकटभर हिरवेच असते. कॅमेऱ्याला वाटते, उजेडच हिरवा आहे! तो हिरव्याविरुद्ध, म्हणजे जांभळट-गुलाबी, पासंग टाकतो आणि निरोगी पान फिके, मातकट करून ठेवतो. भरल्या पारड्याकडे पाहून तागडी खोटी ठरवावी, तसला हा न्याय. अलीकडचे कॅमेरे पुष्कळ हुशार झाले आहेत, चित्रात कुठे पांढरे मिळते का ते शोधतात, आभाळ ओळखतात. तरी फक्त पानच पान असलेल्या चित्रात त्यांनाही धरायला काही नसते. म्हणजे जिथे रंगाची सर्वांत जास्त गरज, तिथेच स्वयंचलित खूण कच्ची.

उपाय एकच : कॅमेऱ्याला रिकामी तागडी दाखवायची. पानाशेजारी, पानावर पडतो त्याच उजेडात, कोरा पांढरा कागद धरायचा. चांगल्या कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सच्या यादीत सूर्य, ढग, घराची सावली, बल्ब, ट्यूब अशी चित्रे असतात आणि शेवटी स्वतः नेमण्याची एक खूण असते. कागदाने चौकट भरून एक फोटो घ्यावा, तो पांढराफेक जळालेला नसावा, आणि कॅमेऱ्याला सांगावे की हाच पांढरा. मग त्याच उजेडात पानांचे फोटो घ्यावेत. उजेड बदलला, ढग आला, की कागद पुन्हा दाखवावा. मोबाईलमध्ये ही सोय नसेल तर निदान सूर्य, ढग, सावली यांपैकी योग्य खूण लावावी. तीही नसेल तर कागदाचा तुकडा पानाबरोबर फोटोतच येऊ द्यावा. माझ्या मते खेड्यातल्या कामासाठी ही शेवटची युक्ती सर्वांत मोलाची, कारण ती फोटोबरोबर प्रवास करते. पाहणाऱ्याला फोटोतला कागदच पिवळा दिसला, तर तो पानाच्या पिवळेपणावर विश्वास ठेवणार नाही. त्याच्याजवळ साधन असेल तर त्या कागदावरून तो सारे चित्र सुधारूनही घेईल. फक्त त्याच्या मोबाईलचा पडदा रात्री डोळ्यांच्या आरामासाठी पिवळा होत असेल, तर तो आधी बंद करावा.

कागदाविषयी थोडे बोलले पाहिजे. जुन्या वहीचे पान घेऊ नये. ते पिवळलेले असते. आणि धोतर किंवा सदरा तर मुळीच नको. आपण पांढऱ्या कपड्याला नीळ घालतो ती कशासाठी? डोळ्याला फसवण्यासाठीच. कापडाचा पिवळटपणा निळाईने झाकला की ते शुभ्र भासते. पण अशा निळसर कापडाला कॅमेऱ्याने पांढरे मानले तर तो सगळ्या चित्रात पिवळ्याचा पासंग टाकील आणि बांधी आजारी दिसेल. आजकालच्या फार लखलखीत कागदातही तसले द्रव्य असते, उन्हात ते थोडे निळे चमकते. म्हणून व्यवसायी फोटोग्राफर राखी रंगाचे खास कार्ड वापरतात. आपल्याला साधा, लखलखाट नसलेला नवा कागद चालेल.

फोटो उन्हात घ्यावा की सावलीत? या बाबतीत धानाच्याच एका जुन्या साधनाने चांगला दाखला घालून दिला आहे. पानाचा रंग पाहून नत्र ठरवण्याचा तक्ता आधी जपानात निघाला, आणि पुढे फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तो आशियाभर पोचवला. प्लास्टिकच्या पट्टीवर फिकट ते गडद हिरव्याचे चार घर असतात. वरचे पूर्ण उघडलेले पान न तोडता त्यावर ठेवून ताडून पाहायचे. त्याचा नियम असा, की पान आणि तक्ता आपल्या अंगाच्या सावलीत धरावा, आणि दर वेळी शक्यतो एकाच माणसाने, दिवसाच्या एकाच वेळी पाहावे. उन्हाची तिरीप पानावर चमकली की खरा रंग लपतो. फोटोलाही हाच नियम लावा : आपल्या सावलीत पान, त्याच सावलीत कागद. मात्र सावली रंगीत छत्रीची नसावी. रोवणी-निंदणीच्या दिवसांत पांघरलेल्या निळ्या-पिवळ्या प्लास्टिकचा रंगही पानावर पडतो, तेवढे सांभाळावे. झाडाखाली तर जाऊच नये. मोहाच्या दाट पानांतून गाळून आलेला उजेड स्वतःच हिरवा असतो.

शिक्षकांनी एक गोष्ट आणखी लक्षात ठेवावी. गावात कुणाचे बाळ जन्मले आणि "गुरुजी, बाळ पिवळं दिसते काय ते फोटोत पाहा ना जी," असे कोणी म्हणाले, तर फोटोवर विसंबून काही सांगू नये. बल्बखाली निरोगी बाळ पिवळे दिसेल आणि खरी कावीळ फोटोत पुसली जाईल. बाळाला दिवसाच्या उजेडात पाहावे आणि आरोग्य केंद्रात न्यावे. इथे पांढऱ्याचा तोल कितीही साधला तरी पुरत नाही.

आता दर वेळी पांढऱ्याला पांढरे केलेच पाहिजे का? नाही. दिवाळीची पणती, मंडईच्या रात्री दुकानांतले दिवे, झाडीपट्टीच्या नाटकात रंगमंचावर सोडलेला तांबडा उजेड, हे पांढरे करून टाकणे म्हणजे निव्वळ अरसिकपणा. तो रंग कुणीतरी मुद्दाम लावलेला असतो. तिथे सूर्याची खूण लावून ठेवावी, म्हणजे कॅमेरा ढवळाढवळ करीत नाही. सारस पक्ष्याचे मात्र वेगळे. पहाटे बांधीत उतरलेली जोडी टिपायची असेल तर त्याचे अंग राखी आहे हे विसरू नये. फोटोत ते निळे दिसू लागले तर तोल गेला असे समजावे.

शाळेत मुलांकडून हे करून घेणे अगदी सोपे आहे. धानाचे एकच पान एका कोऱ्या कागदावर ठेवावे. एक फोटो सूर्याच्या खुणेवर, एक सावलीच्या, एक बल्बच्या, असे एकाच जागी तीन घ्यावेत. एका पानाची तीन पाने झालेली पाहून मुले आधी हसतात, मग खरे पान कोणते म्हणून भांडतात. काम संपले की खूण पुन्हा स्वयंचलितवर आणून ठेवावी; नाही तर सावलीच्या खुणेवर राहिलेल्या त्याच कॅमेऱ्याने रात्री बल्बखाली कोणाचा वाढदिवस टिपला, की केकपासून आजीच्या पांढऱ्या केसांपर्यंत सारे हळदीत बुडालेले निघेल.