औषध आणि अनुपान

केवळ औषध सांगून वैद्याचे काम संपत नाही; ते कशाबरोबर घ्यावयाचे हेही तो सांगतो. मात्रा मधात उगाळावी की आल्याच्या रसात, चूर्ण तुपाबरोबर द्यावे की कोमट पाण्याबरोबर, या विचाराला आयुर्वेदात अनुपान असे नाव आहे. पुष्कळांना ही वैद्याची निव्वळ हौस वाटते. परंतु रोगजंतू आधुनिक औषधांना दाद देईनासे झाल्यापासून प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञही जवळजवळ याच प्रश्नापाशी येऊन ठेपले आहेत : औषध जुनेच, पण त्याला सोबत कोणाची द्यावी?

अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेतले तर जंतू त्याला सरावतील, असा इशारा फ्लेमिंगने 1945 सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच देऊन ठेवला होता. तो किती खरा ठरला हे आता सर्वांसमोर आहे. 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नवी जंतुनाशके त्या वेगाने निघत नाहीत. तेव्हा हाती आहेत त्याच शस्त्रांना पुन्हा धार लावणे भाग आहे.

जंतू औषधापासून स्वतःचा बचाव करतो तरी कसा? त्याच्या युक्त्या अनेक आहेत. त्यांपैकी एक मोठी मौजेची आहे. फुटक्या होडीत शिरलेले पाणी नावाडी जसे उपसून बाहेर टाकतो, तसे काही जंतू आत शिरलेले औषध उपसून टाकतात. गळवांत आणि चिघळलेल्या जखमांत आढळणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूच्या आवरणात असा एक पंप असतो. शास्त्रज्ञ त्याला नॉर-ए म्हणतात.

येथे दारुहळदीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिमालयात होणाऱ्या या काटेरी झुडपाचे लाकूड पिवळे असते आणि त्याच्या काढ्यापासून केलेले रसांजन वैद्यांच्या नित्य परिचयाचे आहे. हा पिवळेपणा ज्याचा, ते बर्बेरीन जंतुघ्न आहे खरे. पण फार दुबळे, कारण हा पंप त्याला आत टिकूच देत नाही. मग अशा दुबळ्या द्रव्याच्या भरवशावर हे झुडूप जंतूंपासून आपले रक्षण कसे करते? स्टर्मिट्झ, लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली अमेरिकेतील दारुहळदीच्या भाऊबंदांत याचे उत्तर शोधून काढले. त्याच झुडपात मेथॉक्सीहिड्नोकार्पिन नावाचे दुसरे एक द्रव्य निघाले. ते एकटे जंतूला मारीत नाही; फक्त त्याचा पंप बंद पाडते. एकाने दार अडवावे आणि दुसऱ्याने प्रहार करावा, असा हा प्रकार! विशेष म्हणजे हे द्रव्य यापूर्वी चौलमुग्रा तेलात, म्हणजे कुष्ठरोगावर पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या तेलात, अल्प प्रमाणात सापडले होते.

मात्र येथेच हुरळून जाण्याचे कारण नाही. सर्पगंधेतील रिसर्पीनही असेच पंप अडवते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ज्या सर्पगंधेची रक्तदाबावरील उपयुक्तता जगाच्या नजरेस आणली, तीच ही. पण पंप बंद पाडण्यास लागणारे रिसर्पीनचे प्रमाण माणसाला सोसवणारे नाही. परीक्षानळीत जंतू मेला आणि रोगी बरा झाला, या दोन गोष्टींत केवढे तरी अंतर आहे. पंप अडवणारे एकही द्रव्य जंतुनाशकाचे जोडीदार म्हणून अद्याप रुग्णांच्या उपचारासाठी संमत झालेले नाही.

जोडीची कल्पना मात्र फोल नाही. मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल स्वतः फारसे जंतुनाशक नाही, पण पेनिसिलिनच्या कुळातील औषधे तोडणाऱ्या जंतूच्या विकराला ते निकामी करते. 1981 पासून ॲमॉक्सिसिलिनबरोबर ते सर्रास दिले जात आहे.

आणि वनस्पतीचे म्हणाल तर आपल्या स्वयंपाकघरातले मिरेच पाहावे. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचे त्रिकटू वैद्य अनेक औषधांत का घालतात, याचा शोध जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. अटल आणि त्यांचे सहकारी 1970 नंतरच्या दशकात घेऊ लागले. मिरी व पिंपळीतील पायपरीन हे इतर औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते, असे त्यातून दिसून आले. याच प्रयत्नांतून 2009 साली क्षयावरचे एक संयुक्त औषध भारतात निघाले. नेहमीच्या 450 मिलिग्रॅम रिफाम्पिसिनऐवजी त्यात 200 मिलिग्रॅमच असते. सोबत आयसोनायझिड आणि अवघे 10 मिलिग्रॅम पायपरीन. हे सरावलेल्या जंतूंवरचे औषध नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण थोड्या औषधात काम भागवण्याची वाट त्याने दाखवली.

कायद्याच्या दृष्टीने दोन ज्ञात द्रव्ये प्रथमच एका गोळीत आली की ते नवे औषध ठरते आणि त्याची नव्याने परीक्षा घ्यावी लागते. हा कोणाला कागदी घोळ वाटेल. तो तसा नाही. जे पायपरीन रिफाम्पिसिनला बळ देते, तेच अपस्माराच्या रोग्याच्या फेनिटॉइनचेही रक्तातील प्रमाण वाढवू शकते, आणि त्या औषधात गुणकारी व विषारी मात्रांमधील अंतर फार थोडे असते. म्हणून चिठ्ठी लिहिताना घरी कोणता काढा चालू आहे हे डॉक्टरांनी विचारावे, आणि डॉक्टरांच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत हे वैद्यांनी. दोघांनीही विचारले नाही, तर ते रोग्याने आपण होऊन सांगावे.