मासळीशिवायचे कच्चे ताट



श्रावण लागला की आपल्या गोव्यातल्या कितीतरी घरांतून मासळी बंद होते. एरवी ज्यांना हुमणाशिवाय घास उतरत नाही, असे आम्ही चवथ होईपर्यंत शिवराक जेवतो. आता घरातली काही तरुण मुले याच्याही पुढे गेली आहेत. मांस-मासळी कायमची बंद, आणि अन्न शिजवायचेही नाही. साधारण ४५ अंशांच्या वर तापवलेले काही खायचे नाही, असे ती म्हणतात. यावर घरात वाद घालण्यापेक्षा विषय समजून घेऊ या.

आधी चवीचे पाहू. हुमणाची चव एकट्या माशाची नसते. ओला नारळ, मिरची, सोले, तिरफळे या सगळ्या झाडांच्याच वस्तू. शहाळ्यातल्या जाडसर मलईच्या पट्ट्या नारळाच्या रसात घालाव्यात. त्यात सोलांचा आगळ, मीठ, हिरवी मिरची आणि बिया काढून ठेचलेली दोन तिरफळे घालून तासभर मुरू द्यावे. हुमणाची बरीचशी आठवण त्यात येते. खिम्यासाठी अक्रोड भिजवून भरड वाटावेत, त्यात कांदा, धने-जिरे आणि लिंबू घालावे. आपल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ तरी काय आहे? फोडणी वगळली तर भिजवलेली कच्ची हरभराडाळच!

पण चव जमली म्हणजे पोषण झाले, असे नाही. १०० ग्रॅम मासळीत साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच अक्रोडांत १५ ग्रॅमच्या आसपास असतात, पण सोबत ६० ग्रॅमांहून जास्त स्निग्धांश येतो. शहाळ्याच्या मलईत प्रथिने नावापुरतीच. म्हणून मोडाचे मूग, भिजवलेले शेंगदाणे आणि तीळ रोजच्या ताटात हवेतच.

त्याहून महत्त्वाचे जीवनसत्त्व बी-१२. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. श्रावणापुरते शरीरातल्या साठ्यावर भागते. मात्र वर्षानुवर्षे मासळी, अंडी आणि दूधही सोडले, तर हातापायांना मुंग्या येणे, थकवा, विसराळूपणा मागे लागू शकतो. अशांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेतलीच पाहिजे.

काही गोष्टी मात्र कच्च्या खाऊच नयेत. राजमा नुसता भिजवून खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात. अळू आणि सुरण घसा धरतात. पावसातली रानातली अळमीही शिजवूनच खावीत. आपल्या दमट हवेत मोडांवर जंतू लवकर वाढतात, म्हणून गरोदर बायका, लहान मुले आणि म्हाताऱ्या माणसांना मोड वाफवूनच द्यावेत.

मुलांनी आपले ताट निवडावे. वडीलधाऱ्यांनी त्यांना पंगतीबाहेर काढू नये. चवथीच्या पानात त्यांच्यासाठी एक कच्ची कोशिंबीर जास्त वाढावी, आणि चवथ झाली की त्यांची बी-१२ची तपासणी तेवढी करून घ्यावी. पंगत एकच राहू दे, एवढेच बाप्पाकडे मागणे.

गणपती बाप्पा मोरया!