आपल्या वाडीची मोजणी आपण केली

शेतातून नुकत्याच आला असाल, चूल पेटवायची असेल, तर पेटवा. ऐकता ऐकता काम होतं. आज आम्ही कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही, मोजण्याबद्दल बोलणार आहोत. पैसे मोजायला तर आपण शिकलोच आहोत. गटाच्या बैठकीत दहा रुपये कमी भरले तर ते कुणाचे राहिले, हे आपण पाच मिनिटांत शोधून काढतो. पण आपल्या वाडीत सहा वर्षांच्या आतली मुलं किती, असं कुणी विचारलं तर? आम्हाला विचारलं होतं. आणि आम्हाला सांगता आलं नव्हतं.

आमची वाडी बालाघाटाच्या डोंगरात. गावठाणापासून तीन किलोमीटर, मध्ये ओढा. अंगणवाडी गावठाणात. पावसाळ्यात ओढा भरला की लेकरं घरीच. आणि ओढा कोरडा असला तरी तीन वर्षांचं पोर तीन किलोमीटर कोण नेणार, कोण आणणार? आई खुरपायला गेलेली. तर १ मेच्या ग्रामसभेत आमच्या गटातल्या एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वाडीला अंगणवाडी पाहिजे." समोरून प्रश्न आला, "किती मुलं आहेत वाडीत?" काकू म्हणाल्या, "लई आहेत." सभेतले लोक हसले आणि काकू खाली बसल्या.

त्या हसण्याचा आम्हाला फार राग आला. पण घरी येताना वाटेत आपसात बोललो तेव्हा कबूल करावं लागलं, की "लई" हे काही कागदावर लिहिता येत नाही.

सरकारचं बरंचसं काम डोक्यांच्या हिशेबानं चालतं. साधारण १००० लोकसंख्येमागे एक आशाताई. सपाट भागात ५००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३००० मागे. अंगणवाडीसाठी ४०० ते ८०० लोकसंख्या धरतात, छोट्या वस्तीला मिनी अंगणवाडीचा नियम होता. शिवाय २००६ साली डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सांगितलं होतं, की वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. हे ४० आमच्या डोक्यात बसलं.

आता हे आकडे येतात कुठून? मोठा आकडा जनगणनेचा, आणि ती शेवटची झाली २०११ मध्ये. २०२१ ची झालीच नाही; आता पुढची २०२७ ची ठरली आहे. म्हणजे २०११ ला पाळण्यात असलेली पोर आता दहावीला गेली, पण रेशनच्या धान्याचा कोटा अजून त्याच जुन्या लोकसंख्येवर ठरलेला आहे. नव्या सुनेचं नाव कार्डावर चढत नाही, याचं एक कारण हेही आहे. सगळा दोष दुकानदाराचा नसतो. (थोडा असतो, ते तुम्हाला माहीत आहे.) आणि जनगणनेत आकडा असतो तो गावाचा. त्यात आमची वाडी वेगळी दिसत नाही. म्हणून ठरवलं, आपली वाडी आपण मोजायची.

आषाढात सुरुवात केली. महिना मुद्दाम निवडला, कारण आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या सुमाराला परततात. पावसाळ्यात सगळी घरी असतात. दोनशे पानी वही घेतली आणि रकाने पाडले: घर, माणसं, सहा वर्षांखालची मुलं, त्यांची जन्मतारीख, गरोदर आणि स्तनदा माता, आणि तोडीला कधी जातात, कुठे जातात, कधी येतात. दोघी दोघी जायचो, कारण एकीला घरात बोलण्यात गुंतवतात आणि लिहायचं राहतं.

जन्मतारखेवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ज्यांच्याकडे माता बाल संरक्षण कार्ड होतं त्यांचं सोपं. बाकी ठिकाणी आजी लागतात. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, त्या साली मोठ्याच्या बैलाचा पाय मोडला." मग बैलाचा पाय कोणत्या साली मोडला ते शेजारी विचारायचं. हसू येतं, पण तारखा निघतात.

पहिल्या आठवड्यात मुलं भरली ३६. चाळीसला चार कमी. बैठकीत एक जण म्हणाली, "माझ्या बहिणीची दोन इथंच लिहा, ती येऊन-जाऊन असतात." दुसरी म्हणाली, सहा पूर्ण झालेल्या दोघांचं वय थोडं कमी दाखवू. खरं सांगायचं तर आम्हालाही मोह झाला. चार नावं, कोण बघतंय? पण गटाच्या वहीत खोटी सही चालत नाही, हे आम्हीच सगळ्यांना दहा वर्षं सांगत आलो. आणि व्यवहाराची गोष्ट अशी, की तपासायला कुणी आलं आणि एक नाव खोटं निघालं, तर बाकीची ३६ खरी असूनही खोटी ठरतात.

तेवढ्यात आमच्यातली सगळ्यात गप्प बसणारी बाई बोलली. "खडी केंद्रावरची मोजली का?"

वाडीच्या वर, अर्ध्या किलोमीटरवर खडी केंद्र आहे. तिथे चार कुटुंबं पालं ठोकून राहतात. तीन वर्षं झाली. त्यांच्या बायका आमच्याच हापशावर पाणी भरतात. आणि आम्ही त्यांना मोजलं नव्हतं. विसरलो असं म्हणता येईल, पण विसरलो नव्हतो. ती आपल्या वाडीची नाहीत असं धरूनच चाललो होतो. गावानं आम्हाला जसं धरलं होतं, अगदी तसं. तिथे गेलो. सहा मुलं निघाली. एकाही मुलाला लस पूर्ण नव्हती. मुलं झाली ४२.

एका घराबद्दल सांगायचं राहिलं. एका ताईला विचारलं, मुलं किती. म्हणाली, "दोन. एक पाचव्या दिवशी गेलं." मग आमच्या वहीकडे बघून विचारलं, "त्याला कुठं लिहिणार?" आमच्या वहीत तसा रकाना नव्हता. ते बाळ तोडीवर झालं होतं, दुसऱ्या जिल्ह्यात, उसाच्या फडाजवळच्या खोपीत. नाव ठेवायच्या आधीच गेलं. आम्ही ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही बघितली. नव्हतंच. नोंद जिथे जन्म झाला तिथल्या गावी करायची असते, ती २१ दिवसांच्या आत. आणि बाळ गेलं तर जन्माची एक आणि मृत्यूची एक, अशा दोन नोंदी करायच्या असतात. नाव ठेवलेलं नसलं तरी जन्म नोंदवता येतो, नाव मागून घालता येतं. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. हे त्या नवरा-बायकोला कोण सांगणार? मुकादम?

यावर मनात गडचिरोलीची आठवण आली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' संस्थेतून मोजणी केली. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू लिहून घेतला. तेव्हा कळलं की बाळं पहिल्या महिन्यातच जातात, घरीच जातात आणि सरकारी कागदावर येत नाहीत. मग आरोग्यदूत बायकांना घरी जाऊन नवजात बाळाला तपासायला, ऊब द्यायला, औषध द्यायला शिकवलं. जिथे हे काम केलं आणि जिथे केलं नाही, अशा दोन्हींकडच्या गावांची तुलना १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे देशभर आशाताईंच्या कामात ते आलं. आज आपली आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते, त्याचं मूळ त्या गावांतल्या वह्यांत आहे. आमच्या ताईचं बाळ पाचव्या दिवशी गेलं. तिसऱ्या दिवशी फडावर कुणी आलं नव्हतं, कारण तिथल्या आशाताईच्या यादीत ती नव्हती आणि आमच्या आशाताईच्या यादीत ती गावाला गेलेली होती.

आम्ही वहीत नवा रकाना पाडला. तिनं स्वतः तिथे आकडा लिहिला.

पुढचं थोडक्यात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा झाली. ती घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, हे तुमच्या ग्रामसेवकांना आठवण करून द्या. तिथे ठराव घेतला, तो ग्रामसभेत मांडला. काकूच उभ्या राहिल्या. "४२. नावं वहीत आहेत, कुणाला बघायची असतील तर इथं येऊन बघा." या वेळी कुणी हसलं नाही. नावं माइकवर वाचायची नाहीत, हे मात्र आम्ही आधीच ठरवलं होतं. कुणाच्या घरचं मूल रोडावलंय, कुणाची सून कितव्यांदा गरोदर आहे, हे गावाला ऐकवण्यासाठी आपण लिहून घेत नाही. सभेत फक्त बेरीज सांगायची. वही सचिवाच्या पेटीत कुलपात.

अर्ज दिला, पोच घेतली. मार्गशीर्षात कार्यालयातून एक जण सर्व्हे करायला आले. घरांना कुलपं. मुलं भरली १७. तसा अहवालही गेला. आमची वही मग कामाला आली. त्यात प्रत्येक घरापुढे लिहिलं होतं, कोण कोणत्या तालुक्यात तोडीला गेलंय आणि कधी येणार. ते पान घेऊन आम्ही अकरा जणी गेलो. भांडलो नाही. एवढंच म्हणालो, की ही मुलं हरवलेली नाहीत, कारखान्यावर आहेत. अक्षय्य तृतीयेनंतर पुन्हा या. साहेब बराच वेळ वही बघत होते. मग म्हणाले, मंजुरी आमच्या हातात नाही, ती वरून येते, पण मोजणी पुन्हा करू. वैशाखात पुन्हा मोजलं. ४१ निघाली. खडी केंद्रावरचं एक कुटुंब एका मुलाला घेऊन निघून गेलं होतं.

अंगणवाडी अजून मंजूर झालेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्यातल्या दोघी फाईल कुठे पोहोचली ते विचारून येतात आणि तारीख वहीत लिहितात. मधल्या काळात सेविकाताई आठवड्यातून दोन दिवस वाडीच्या समाजमंदिरात येतात, वजनं घेतात, आहार देतात. वजनकाटा आणि सतरंज्या ग्रामपंचायतीनं घेतल्या. स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के पैसे महिला व बालकल्याणासाठी असतात, त्यातून. ते किती होते आणि कशावर गेले, हे विचारल्यावरच निघाले. पहिल्याच दिवशी दंडाच्या घेराची पट्टी लावली तेव्हा तीन लेकरं पिवळ्यात निघाली आणि एक लाल पट्ट्यात, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. ती पोर खडी केंद्रावरची. तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं. आता ती पिवळ्यात आहे.

आषाढ लागला की आम्ही पुन्हा मोजायला निघणार आहोत, कारण गेल्या वर्षीची वही या वर्षी जुनी झाली. तुम्हाला तुमची वाडी, तांडा, वस्ती मोजायची असेल तर रकान्यांचा नमुना प्रभागसंघाच्या कार्यालयात ठेवला आहे. झेरॉक्स काढून घ्या. मूळ पान नेऊ नका, मागच्या वेळी एक गेलं ते आलंच नाही. आणि दोघी मिळून जा.