मेंढ्याचा बांबू
गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटंसं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण खरी गोम पुढेच होती. बांबू तोडायचा हक्क मिळाला, तरी तो जंगलाबाहेर विकायला वाहतूक परवाना लागतो. ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं एप्रिल 2011 मध्ये! तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते.

आता तोडीचं शास्त्र पाहा. तोडीच्याच वर्षी फुटलेल्या कोंबांना हात लावायचा नाही, बेटाच्या मधले काही जून बांबू आधाराला ठेवायचे, आणि घाव घालायचा जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर. पोकळ खुंट उरला तर त्यात पाणी साचतं आणि बुंधा कुजतो. एवढं पाळलं की बेट पुन्हा फुटतं.

कागद कारखान्यांना बांबू हवाच असतो. फरक इतकाच, की आता भाव ग्रामसभा ठरवते. तुमच्या गावालगत जंगल असेल, तर सामूहिक वनहक्काच्या दाव्याची चौकशी पुढच्या ग्रामसभेत जरूर करा.