मांजराची ओळखखूण

जनावरांच्या अंगावर मालकीची खूण करण्याची चाल आपल्या देशांत फार जुनी आहे. पाणिनीच्या व्याकरणांत गुरांच्या कानांवरील खुणांचा उल्लेख येतो. कोणाची खूण आठाची, कोणाची पांचाची, कोणाची स्वस्तिकाची, तर कोणी कानाला नुसतें छिद्र पाडी. महाभारतांतील दुर्योधन द्वैतवनांत गेला, तोही वरकरणी गाईंची मोजदाद करण्यास व वासरांवर खुणा करण्यासच. त्याच कामासाठीं आज सरकारी योजनेखालीं गाईम्हशींच्या कानांत बारा आंकडी क्रमांकाचे बिल्ले लावण्यांत येतात. परंतु मांजरावर खूण करावी असें या सर्व काळांत कोणास सुचल्याचें दिसत नाहीं. कारण उघड आहे. गाय हें धन. मांजराची गणना धनांत कधीं झाली नाहीं. शिवाय आपण कोणाच्या तरी मालकीचे आहों, ही गोष्ट मांजरानें स्वतः कधींच कबूल केलेली नाहीं.

अलीकडे मात्र शहरांतील पुष्कळ घरांत हा प्रश्न निराळ्या रूपानें पुढें आला आहे. लस टोचण्यासाठीं मांजर दवाखान्यांत न्यावें, तों पशुवैद्य विचारतात, "चिप बसवायची आहे का?" घरचीं माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. एकास वाटतें, हा नवा खर्च. दुसऱ्यास वाटतें, हा मुक्या जिवाचा छळ. तिसरा म्हणतो, बसवून टाका, म्हणजे मनी कोठें आहे तें मोबाइलवर दिसत राहील. तिघांच्याही समजुतींत थोडीथोडी चूक आहे. म्हणून ही वस्तु मुळांत आहे तरी काय, तें आधीं पाहणें बरें.

चिप म्हणजे तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी कांचेची एक बंद नळी. लांबी सुमारें १२ मिलिमीटर, जाडी सुमारें २ मिलिमीटर. याहूनही लहान, ८ मिलिमीटर लांबीच्या चिपाही मिळतात. नळींत तारेचें बारीक वेटोळें व त्यास जोडलेला इलेक्ट्रॉनिक तुकडा असतो. घट किंवा बॅटरी असें कांहींच नसतें. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व शाळेंत शिकल्याचें पुष्कळांना आठवत असेल. बदलत्या चुंबकीय क्षेत्रांत तारेचें वेटोळें ठेवलें कीं त्यांत वीज उत्पन्न होते. येथें तेंच घडतें. वाचनयंत्र, म्हणजे स्कॅनर, मांजराच्या खांद्यापाशीं चार बोटांवर आणलें कीं त्याच्या लहरींनीं चिपेंतील वेटोळ्यांत क्षणभर वीज खेळते, आणि चिप आपला पंधरा आंकडी क्रमांक सांगून पुन्हां मुकी होते. आंतरराष्ट्रीय ठरावाप्रमाणें या लहरींचें प्रमाण सेकंदास १,३४,२०० आंदोलनें इतकें असतें. क्रमांकांतील पहिले तीन आंकडे देशाचे अथवा कारखानदाराचे, बाकीचे त्या एका जनावराचे.

एवढेंच. चिपेंत मालकाचें नांव नसतें, पत्ता नसतो, टेलिफोनचा क्रमांकही नसतो. रजिस्टर केलेल्या पत्रावर जसा क्रमांक असतो, तसाच हा. बाकीची माहिती दूर कोठें तरी एका दफ्तरांत लिहिलेली असते, आणि ती तेथें लिहिलेली नसेल तर क्रमांकाचा उपयोग शून्य. हरवलेलें मांजर कोठें आहे तें तर चिप मुळींच सांगूं शकत नाहीं. तें काम करणारीं यंत्रें निराळीं. तीं गळपट्ट्यास अडकवावीं लागतात व वरचेवर वीज भरून घ्यावीं लागतात. मोबाइलवर मनी दिसत राहील, या आशेनें चिप बसविणाऱ्याची निराशा ठरलेली.

छळाविषयीं म्हणावें तर, चिप टोंचण्याची सुई लसीच्या सुईपेक्षां जाड असते हें खरें. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटींत धरून ती आंत सारतात. क्षणाचें काम. गुंगीचें औषध त्यासाठीं लागत नाहीं. परंतु नसबंदीच्या शस्त्रक्रियेसाठीं मांजर बेशुद्ध केलेलें असतांनाच चिप बसवून घेतली, तर तेवढीही कळ त्यास लागत नाहीं, आणि दवाखान्याची एक खेप वांचते. ही सोय पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पुढें क्वचित् चिप मूळ जागेवरून सरकून खांद्याकडे किंवा बरगडीकडे जाते. म्हणून वाचणारानें यंत्र सर्वांगावरून फिरवावयाचें असतें. क्वचित् ती बंद पडते. टोंचल्या जागीं गांठ होऊन ती कर्करोगाची निघाल्याचीं उदाहरणें पशुवैद्यांच्या नियतकालिकांत नोंदलेलीं आहेत. तीं मोजकीं आहेत, तर चिपा टोंचलेल्या मांजरांची व कुत्र्यांची संख्या कोट्यवधि. तेव्हां भीतीनें मागें सरण्याजोगा हा धोका नव्हे. पण टोंचल्या जागीं गांठ लागली व ती वाढूं लागली, तर ती डॉक्टरांस दाखविण्याची हयगय मात्र करूं नये.

मग फायदा किती? या बाबतींत अमेरिकेंतील एका पाहणीचे आंकडे बोलके आहेत. त्या २००९ सालीं प्रसिद्ध झाल्या. ५३ आश्रयगृहांत आलेल्या चिपधारी जनावरांची ती नोंद होती. आश्रयगृहांत येणाऱ्या एकंदर मोकाट मांजरांपैकीं शेंकडा १.८ मांजरें आपल्या धन्यांकडे परत गेलीं होतीं, तर चिप असलेल्या मांजरांपैकीं शेंकडा ३८.५ परत गेलीं. वीसपटींहून अधिक फरक! परंतु आंकड्यांना जरा उलट तपासणीस उभें केलें पाहिजे. एकंदर मोकाट मांजरांत ज्यांना कधीं घरच नव्हतें अशीं पुष्कळ असणार. तीं परत जाणार कोणाकडे? शिवाय जो मनुष्य चिप बसवितो, तो मांजर हरवल्यावर शोधही अधिक कसोशीनें करतो. म्हणजे वीसपट हा सारा चिपेचाच प्रताप मानणें सरळ हिशेबाला धरून नाहीं. तरी पण मोठा फरक उरतोच. त्याच पाहणींत आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती अधिक शिकण्याजोगी आहे. ज्या चिपधारी जनावरांचे धनी सांपडूं शकले नाहींत, त्यांपैकीं शेंकडा ३५.४ जनावरांच्या बाबतींत दफ्तरांतील टेलिफोनचा क्रमांक चुकीचा किंवा बंद पडलेला होता, शेंकडा ९.८ चिपांची तर नोंदच झालेली नव्हती. चिपेनें आपलें काम केलें होतें. मनुष्य पत्ता बदलून मोकळा झाला होता.

इंग्लंडांत या प्रश्नाचा निकाल कायद्यानें लावण्यांत आला. तेथें कुत्र्यांना चिप २०१६ पासून सक्तीची झाली, आणि १० जून २०२४ पासून मांजरांनाही. मांजर वीस आठवड्यांचें होण्यापूर्वीं चिप बसवून नोंद झाली पाहिजे. न केल्यास २१ दिवसांची मुदत, व तरीही न केल्यास ५०० पौंडांपर्यंत दंड. कधींही उंबरठा न ओलांडणारें मांजरही त्यांतून सुटत नाहीं. तेथील सरकारचें म्हणणें असें, कीं घराबाहेर न जाणारेंच मांजर एकदां निसटलें तर अधिक भांबावतें. या म्हणण्यांत तथ्य आहे. तथापि त्या देशांतही नोंदणीचीं दफ्तरें एक नसून वीसाहून अधिक आहेत, आणि सांपडलेल्या मांजराची नोंद नेमकी कोणत्या दफ्तरांत आहे हें प्रथम शोधावें लागतें. ही व्यवस्था फारशी शहाणपणाची म्हणतां येणार नाहीं. तेथें घरच्या दाराला मांजरासाठीं ठेवलेली लहान झडप आपल्याच मांजराची चिप ओळखून उघडते व शेजारच्या बोक्यास बाहेर ठेवते, ही त्या मानानें अधिक चोख सोय.

आपल्याकडे असा कायदा नाहीं, आणि मांजरांच्या चिपांचें सर्वांनीं मान्य केलेलें असें एक मध्यवर्ती दफ्तरही नाहीं. स्कॅनर कांहीं दवाखान्यांत असतो, कांहींत नसतो. समजा, पुण्यांत एखाद्या जुन्या वाड्याच्या किंवा इमारतीच्या जागीं नवी इमारत होणार आहे. बिऱ्हाड दोन-तीन वर्षांसाठीं भाड्याच्या जागेंत जातें. सामानाबरोबर टोपलींतून मनीही जाते. आठ दिवसांनीं दार उघडें राहतें आणि मनी नाहींशी होते. ती निघते जुन्या जागेकडे, कारण मांजराचें मन माणसांइतकेंच, कित्येकदां अधिकच, जागेंत गुंतलेलें असतें. वाटेंत चार रस्ते, शेंकडों वाहनें, अनोळखी कुत्रीं. ती सांपडलीच तर कोणास सांपडणार? एखाद्या पहारेकऱ्यास, दूध घालणाऱ्या एखाद्या कनवाळू बाईंस. त्यांच्याजवळ स्कॅनर नाहीं. मांजराच्या कातडीखालीं पंधरा आंकडे आहेत हें त्यांना स्वप्नांतही ठाऊक नसतें. अशा वेळीं चिपेपेक्षां गळ्यांतला पट्टा व त्यावर लिहिलेला टेलिफोन क्रमांक शंभरपट उपयोगी.

परंतु पट्ट्याची गोष्टही सोपी नाहीं. साधा पट्टा खिडकीच्या गजांत किंवा झाडाच्या फांदींत अडकला तर मांजरास फांस बसतो. म्हणून ताण पडतांच आपोआप सुटणारा पट्टा घ्यावा लागतो, आणि आपोआप सुटणारा पट्टा केव्हां तरी सुटतोच. मांजराच्या गळ्यांत घंटा कोणी बांधावी ही उंदरांची जुनी अडचण. बांधलेला पट्टा टिकत नाहीं ही माणसांची. पट्टा गेला कीं काळी मनी आणि गल्लींतली दुसरी काळी मांजरी यांत फरक काय राहिला? मांजरी आपल्या पिलांना सात घरें फिरविते म्हणतात. मोठें मांजर स्वतःही दोनतीन घरीं जेवून येतें, आणि त्या प्रत्येक घराची तें आपलेंच अशी समजूत असते. महिन्याभरानें पलीकडच्या सोसायटींतील मुलें त्यास दुसरें नांव ठेवून मांडीवर घेऊन बसलेलीं दिसलीं, तर केवळ छायाचित्र दाखवून वाद मिटत नाहीं. तेथें चिप बोलते. ती मालकीचा कायदेशीर दाखला नव्हे. इंग्लंडांतील नोंदही जनावर सांभाळणाराची असते, मालकाची असेलच असें नाहीं. पण हें मांजर आधीं कोणत्या घरीं होतें, एवढें ती निःसंशय सांगते.

आणखी एक बाजू आहे, आणि ती पैशांत मोजतां येत नाहीं. मेलेल्या मांजराचें दुःख घर कांहीं दिवसांत पचवितें. नाहींशा झालेल्या मांजराचें दुःख तसें संपत नाहीं. दारापुढें वाटी ठेवली जाते, रात्रीं म्यांव ऐकूं आलें कीं कोणी तरी उठून खिडकींतून पाहतें, आणि घरांतलें लहान मूल रोज तेंच विचारतें. इंग्लंडांत अनेक स्थानिक संस्था रस्त्यावर मेलेल्या मांजराची चिप वाचून धन्यास कळवितात. आपल्या शहरांतही असें व्हावें ही अपेक्षा अवास्तव नाहीं. पण जोंवर होत नाहीं, तोंवर चिपेच्या या उपयोगावर भिस्त ठेवतां येत नाहीं.

एका प्रसंगीं मात्र विचार करण्यास जागाच नाहीं. नोकरीनिमित्त जर्मनी, इंग्लंड इत्यादि देशांत बिऱ्हाड हलविणारीं मराठी कुटुंबें आतां आपल्या मांजरांनाही बरोबर नेऊं पाहतात. भारतांतून युरोपीय संघांत मांजर न्यावयाचें तर आंतरराष्ट्रीय ठरावाची चिप आधीं, आणि पिसाळ रोगाची लस मागाहून, हा क्रम अनिवार्य आहे. क्रम उलटा झाला तर लस टोंचलीच नाहीं असें धरतात व ती पुन्हां टोंचावी लागते. लसीनंतर निदान तीस दिवसांनीं रक्त मान्य प्रयोगशाळेकडे पाठवावयाचें, आणि तें काढल्यावर, तपासणीचा निकाल अनुकूल आल्यास, आणखी तीन महिने थांबावयाचें. म्हणजे चारएक महिने यांतच जातात. विमानाचें तिकीट हातांत पडल्यावर चिपेचा विचार सुरू करणाऱ्या कुटुंबास मांजर मागेंच ठेवावें लागतें, आणि कित्येकदां त्याचा भार घरच्या आजींवर पडतो.

परदेशीं जावयाचें नसेल, तर सक्ति नाहीं म्हणून हा प्रश्न टाळतां येतो. तरी एकंदर पाहतां चिप बसवून घेणेंच श्रेयस्कर दिसतें. एकदां बसविली कीं ती बहुधा जन्मभर पुरते. मात्र आधीं दवाखान्यांत दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्या: हा क्रमांक कोणत्या दफ्तरांत नोंदला जाणार, आणि पत्ता बदलल्यास तो तेथें कोणी व कसा कळवावयाचा. उत्तर गुळमुळीत आलें तर दुसरा दवाखाना पाहावा. क्रमांकाचा कागद लसीच्या पुस्तकांत चिकटवावा, कारण तो नेमका हवा त्या दिवशीं सांपडत नाहीं. दर वर्षीं लसीच्या वेळीं डॉक्टरांकडून स्कॅनर एकदां फिरवून घ्यावा, म्हणजे चिप चालू आहे व जागेवर आहे हें कळतें. पट्टाही ठेवावाच. आणि नव्या जागीं राहावयास गेल्यावर मांजरास पहिले दोनतीन आठवडे घराबाहेर सोडूं नये. त्याची जुनी वाटी, जुनें अंथरूण न धुतां त्याच्याजवळ ठेवावें, दारें लावून घ्यावींत, आणि सामान वाहणाऱ्या माणसांना तसें आधींच बजावून ठेवावें.